कबड्डीने काय बदललं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे, कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही म्हणूनच लिहवतंय. माझी मुलगी कॉलेजात खेळाचं समाजशास्त्र शिकते. मला ते पुरतं कळलेलं नाही. ती म्हणते, एकत्र खेळून माणसांमधली जात कमी होते का, झाली तर मैदानापुरती की घरापर्यंत, ते शोधायचं आणि त्याप्रमाणे गावागावांत संघ बांधायचे. परवा वही घेऊन माझ्यासमोरच बसली. “आई, तू कबड्डी खेळलंस मा? मग सांग, काय फरक पडलो?” मी म्हटलं, “पडलो तर! आमच्या बाईंनी सगळो भेद घालवलो.” तिने ते लिहून घेतलं. तेव्हापासून जपाला बसते, पण माळ नुसती हातात राहते.

तुम्ही मला आणि खालच्या वाडीतल्या त्या मुलीला साखळीत शेजारी उभं केलंत. आमच्यात त्या वाडीचं पाणी चालत नसे, आणि मी तिचं मनगट घट्ट धरून पकडी करत होते. तालुक्याला जिंकून आलो त्या दिवशी आईने सगळ्या संघाला जेवायला बोलावलं. पानं पडवीत मांडली, तिचं एकटीचं खाली खळ्यात, अंगणातल्या तुळशीपलीकडे. तुम्ही आपलं पान उचललंत आणि तिच्याजवळ जाऊन बसलात. मग मला हाक मारलीत, “ये गं, इकडे जागा आहे.” मी आईकडे बघते, आई आमटी वाढतेय, वर बघत नाही. मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला वाटलं, आता माझी जागा जाणार. तुम्ही एवढंच म्हणालात, “तूच तिच्या शेजारी. हात धर.”

काल मुलगी पुन्हा मागे लागली. “तुझ्या त्या मैत्रिणीक पण विचारूक होया. एकाच बाजूचा ऐकान कसा चलतला? खंय रवता ती?”

“माका काय ठावक!”

“मागच्या बाजाराक तिच्याशी बोलत बोलत बस चुकवलंस, आणि आता ठावक नाय?”

तिला हसू येत होतं, मला घाम. मैत्रीण खरं बोलली तर मुलगी वहीतलं माझं उत्तर खोडेल, आणि मग माझ्याकडे कशी बघेल, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. आज सकाळी सांगून टाकलं घर. कट्टा गावच्या एसटी स्टँडमागे, चिऱ्याचं. मुलगी आता पोचली असेल. मैत्रीण तिला आत बसवेल, चहा करील, आणि मुलगी तो पिईल, काही मनातसुद्धा न येता. मलाही ती दर वेळी बोलावते, “ये गो, घोटभर चाय घेवन जा.” मी म्हणते, आज माझो उपास आसा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपास खोटे नाहीत, बाई, बाजाराला मी त्याच दिवशी जाते. पण उपासाला मला चहा चालतो.