विल्गा डाउन्सच्या ओल्या मेंढ्या

२ मार्च, रविवार

आला! नेव्हिल क्रॉलीचा फोन आला. "लॉर्ना, अगं यंदाही तुझीच टोळी आण. चार हजार मेंढ्या कातरायच्यात." गेल्या वर्षीच्या कातरणीचे अठरा हजार डॉलर थकवून वर 'अगं' म्हणतो!

नाही म्हणायला हवं होतं. पण दुष्काळात कामं आहेत कुठे? त्याने मला थकवलं, म्हणून मी पोरांची निम्मी मजुरी थकवली. (पोरं म्हणजे काय — क्लॅरी एकसष्टचा आहे.) यंदाही बुडवलं तर टोळी दुसऱ्या ठेकेदाराकडे जाईल आणि मला ट्रक विकून घरी बसावं लागेल.

हिशेब बघणाऱ्या बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलंय — मागची बाकी आणि यंदाचे निम्मे, कातरीला हात लावायच्या आधी. उरलेले, लोकरीचे गठ्ठे शेडबाहेर पडायच्या आधी. एकदा लोकर गेली की आपल्या हाती धुपाटणं! तसा कागद केला, संध्याकाळी नेव्हिल गावात आला तेव्हा त्याची सही घेतली. सही करताना हसत होता. मला ते हसू आवडलं नाही.

९ मार्च, रविवार

विल्गा डाउन्सला, नेव्हिलच्या मेंढ्यांच्या फार्मवर पोचलो. पैसे? "बँकेतला माणूस रजेवर आहे, लॉर्ना. तुम्ही सुरुवात तर करा!" हा बँकेतला माणूस गेल्या मार्चपासून रजेवर आहे.

मी भांडले. तो चहा घेतेस का विचारत राहिला. मेंढ्या कुंपणात भरलेल्या, पोरं सामान उतरवून बसलेली, परत जायचं तर डिझेल माझं. शेवटी तोंडातून निघालंच — "बरं, उद्या सुरू करू." स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

१० मार्च, सोमवार

हसून हसून पोट दुखतंय. नीट लिहिते.

रिवाज असा — मेंढ्या ओल्या असल्या तर कातरायच्या नाहीत. ओल्या लोकरीने अंगावर फोड येतात, सांधे धरतात. ओल्या की कोरड्या, हे मालक ठरवत नाही, मीही नाही. कातरणारे प्रत्येकी दोन मेंढ्या कातरून बघतात आणि चिठ्ठ्या टाकतात. गुप्त. बहुमत ओल्याचं झालं की काम बंद.

इथे सात महिने पाऊस नाही. मेंढी हलली की धूळ उडते. तर आज सकाळी तमाटी — आमचा न्यूझीलंडचा माओरी पैलवान — टोपी फिरवतो काय, आणि क्लॅरी चिठ्ठ्या मोजतो काय!

"ओल्या सहा. कोरड्या शून्य."

"ओल्या?" नेव्हिल किंचाळला. "अरे, इथे माझी जीभ ओली राहत नाही!"

"मतदान गुप्त असतं मालक," क्लॅरी म्हणाला. "कोणी काय टाकलं आणि का टाकलं, मला विचारतासुद्धा येत नाही."

आणि सगळे पत्ते कुटायला गेले. देवाशपथ, मी कोणाला काही शिकवलेलं नाही.

११ मार्च, मंगळवार

परत सहा-शून्य! नेव्हिल बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला. एका मेंढीवर दहा मिनिटं फिरवला. मेंढी खूश.

"आता?"

तमाटीने तिला गंभीरपणे हुंगलं. "ही झाली मालक. कातरलेल्या चोवीस सोडून तीन हजार नऊशे पंच्याहत्तर राहिल्या."

लोकर न्यायला ट्रक पुढच्या बुधवारी यायचाय, मग लिलाव. नेव्हिलला घाम फुटलाय. मलाही फुटलाय — सहा जण बसून खातायत, तेही माझ्याच पैशाने.

१२ मार्च, बुधवार

आला ताळ्यावर!! नऊ वाजता पैसे खात्यात. मागचे अठरा हजार आणि यंदाचे निम्मे. बँकेतला माणूस एका दिवसात कामावर हजर!

मी शेडमध्ये जाऊन नुसती मान हलवली. कोरड्या सहा. "काल ऊन जरा बरं पडलं," क्लॅरी नेव्हिलला म्हणाला.

मी शेडमागे जाऊन रडले. वर्षभराचं ओझं होतं.

१३ मार्च, गुरुवार

पाठ मोडली. झोपते.

१९ मार्च, बुधवार

शेवटची मेंढी झाली. ट्रक दारात उभा, आणि मी गठ्ठ्यावर ठाण मांडून. "ऊठ गं, ड्रायव्हर खोळंबलाय!" नेव्हिल म्हणाला. "पैसे येऊ देत, उठते." जेवणही तिथेच मागवलं. पावणेतीनला आले. उठले.

माझ्या ट्रकचं कर्ज एका दमात फेडलं! पोरांना यंदाची मजुरी दिली. मागची निम्मी? "पुढच्या महिन्यात बघू," म्हटलं. कोणी चकार शब्द काढला नाही. गुणाची आहेत पोरं.

२४ मार्च, सोमवार

नवी शेड. मालक सज्जन, निम्मे पैसे आधीच दिलेले. आभाळात ढगाचं नाव नाही.

क्लॅरीने चिठ्ठ्या मोजल्या. ओल्या सहा.

मालक माझ्याकडे बघत राहिला. पोरांपैकी कोणीच बघेना. मागची निम्मी मजुरी आठवली.

बँकेत निघालेय.