खोकल्यावर बांधलेलं गाणं

अहो, वाकून नमस्कार करतेच, पण आधी गंमत ऐका. सगळ्यांत आधी ड्रमवाला आला, मागून गिटारवाली. आपला नातू या दोघांबरोबर बँड करून स्वयंपाकघरातच गाणी बसवतो आणि मी ओट्यापाशी खुर्ची टाकून ऐकते.

मी विचारलं, "हे नवं गाणं सुचलं कशावरून रे?" गिटारवाली हसली, "आजी, तुमच्या खोकल्यावरून. त्याचाच ठेका धरलाय." भिंतीपलीकडे आपलं माणूस जागं आहे, असे शब्द आहेत. आपल्या सात पिढ्यांत कोणावर गाणं झालं होतं का?

मग म्हणाले, खराच खोकला रेकॉर्ड करू. मेला हवा तेव्हा येईना, आणि आला तो थांबेना. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. नातवाने पाणी दिलं. म्हणाला, "आजी, मी नुसता ठेका मोजत बसलो गं."

मागच्या पत्रात खोकला गेला लिहिलं, तेव्हा तो खरंच दोन दिवस गेला होता. उगाच धावत येऊ नका. तुमचे गुडघे कसे आहेत?

पोरं गुरुवारी परत येतो म्हणालीत. या खेपेला गिटार आणणार नाहीत, मला डॉक्टरकडे नेणार आहेत.

तुमचीच