बारानंतर हत्यारं बंद

प्रिय बाईसाहेब,

पत्र बघून दचकू नकोस. चौतीस वर्षांच्या संसारात मी तुला लिहिल्या त्या फक्त याद्या: ग्रीस, सँडपेपर, अर्ध्या इंचाचे बोल्ट, आणि खाली जागा उरली तर साखर. हे सगळं फोनवर सांगायचं असं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा तू फोन उचललास आणि मी पंपाविषयीच बोलत बसलो. शेवटी तू म्हणालीस की पंपाची तब्येत कळली, आता ठेवते. आणि परवा तुझा निरोप आला की गुरुवारी लेकीला घेऊन येतेस, तुझं सामान घेऊन जातेस, मग बोट, मी आणि माझी दुरुस्त्यांची यादी यांनी सुखाने नांदावं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. गुरुवारच्या आत हे पत्र तुला मिळालंच पाहिजे, म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसलोय. बसलोय कसला! एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून धक्क्याला बांधलेले दोर तपासून आलो. दोर जिथल्या तिथे आहेत.

इकडची खबर म्हणजे शेजारच्या बोटीवरचे मास्तर अजून त्यांच्या झोळीतच पडून आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी म्हणे एक स्क्रू फिरवलेला नाही. शिडाला कापडापेक्षा भोकं जास्त, इंजिन सुरू केलं की अख्खा धक्का खोकतो, आणि हे आपले पोटावर पुस्तक उपडं टाकून टवटवीत. परवा मला राहवलं नाही, त्यांच्या कठड्याचा गंज खरवडायला घेतला, न विचारताच. ते झोळीतूनच म्हणाले की रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो हे ऐकलं होतं, पण तो शेजाऱ्याची भिंतही सोडत नाही हे आज पाहिलं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला मात्र ते लागलं. तुझ्यामागे आपल्या बोटीवर खरवडायला काही उरलंच नाहीये, हे त्यांना सांगावंसं वाटलं.

तुझा नियम आठवतो ना? बारानंतर हत्यारं बंद. घर विकून आपण बोटीवर राहायला आलो ते पहिलं वर्ष तू मुकाट्याने सोसलंस. मी कारखान्यात तीस वर्षं देखभालीचं काम केलेला माणूस, मला बोटीत नुसते बिघाडच दिसायचे. खारं पाणी लोखंड खातं, ऊन दोर खातं आणि उरलेला जीव तुम्ही खाता, असं तू एकदा म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवसापासून बाराच्या ठोक्याला हत्यारांच्या पेटीचं झाकण लावून चहाचा कप घेऊन तिच्यावरच बसायला लागलीस. पेटीवर बसलेल्या तुला उठवून पाना मागायची कुणाची टाप! मग एखाद्या शांत खाडीत नांगर टाकून आपण पाण्यात पाय सोडून बसायचो. माझ्या बुडाला मुंग्या. खिशात लपवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने मी पाठीमागे शिडीचे स्क्रू आवळत असायचो, तू समोर बघत असायचीस, आणि मला वाटायचं तुला कळत नाही. मी अर्धाच बसायचो, पण बसायचो गं. ती दोन वर्षं फार सुखाची गेली.

आता मुद्द्यावर येतो. आधी जरा पाणी पिऊन आलो, तेवढ्यात नळाचा वायसरही बदलला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपण त्या छोट्या बंदरात शिरत होतो तो दिवस. सकाळचे दहा, वारा बेताचा, चाक माझ्या हातात. डावीकडून मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याची होडी येत होती. तू किंचाळलीस, मी चाक गरकन फिरवलं, हातभर अंतराने बिचारा वाचला. वल्हं उगारून तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं. तू काही विचारायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं की सुकाणू अडकलं. मग काय, तीन आठवडे ते सुकाणू उघडून बसलो. चाकाखालच्या त्या कप्प्यात तू अंगाची जुडी करून दिवा धरून पडायचीस. केसांना तेलाचे डाग, पाठीला रग, तरी कुरकुर नाही. साखळी काढली, तारा काढल्या, पुसल्या, बसवल्या, पुन्हा काढल्या. आणि खरं सांगू? पहिल्या दिवशी दहाव्या मिनिटाला मला कळलं होतं की त्यात काही बिघाड नाही. लोण्यासारखं फिरत होतं ते. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. मी तर खोट्याची दुरुस्तीसुद्धा रेटून केली, आणि दिवा तुझ्या हातात दिला. याची मला इतकी लाज वाटते की हे वाक्य मी चौथ्यांदा लिहितोय.

त्यानंतर यादी वाढतच गेली. डिझेलची टाकी झाली, डोलकाठीच्या तारा झाल्या, बारा वाजायचे, तू पेटीकडे यायचीस आणि मी म्हणायचो की फक्त आजचा दिवस. तू पेटीवर बसायची बंद झालीस ते नेमकं कधी, हेही मला आठवत नाही. तुझ्या साठाव्या वाढदिवसाला तू एकच गोष्ट मागितली होतीस, की आपल्या खाडीत जाऊन एक अख्खा दिवस काही न करता बसायचं. त्या सकाळी तू उठून बघतेस तर मी चांगला चालता पंप उघडून त्याचे सोळा तुकडे वर्तमानपत्रावर मांडलेले. तू तुकड्यांकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि पिशवी भरलीस. बोट दुरुस्त झाली की कळवा, एवढंच म्हणालीस. मला वाटलं, लेकीकडे आठ दिवस राहून परत येशील, त्याला आता दोन महिने झाले. तुला वाटलं की याला माझ्यापेक्षा पंप प्यारा. वाटणारच. मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी पान्याला पाना भिडवत बसलो.

तर ऐक. सुकाणूच्या त्या भानगडीत एकदा मी दोर आणायला म्हणून गावात गेलो होतो ना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्यांनी एका यंत्रात डोकं घालायला लावलं. मध्ये बघायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. डाव्या बाजूला काही चमकेचना. मी म्हणालो, बाई, तुमचं यंत्र बिघडलंय, स्क्रू ड्रायव्हर असेल तर बघून देतो. त्या हसल्या नाहीत. डोळ्यांतला दाब वाढून कडेची नजर जात चाललीय म्हणाल्या. गेलेली परत येत नाही. रोज थेंब घालायचे, एक शस्त्रक्रिया करायची, म्हणजे उरलेली टिकेल. समोरचं मला लख्ख दिसतं, दोरा सुईत ओवतो, म्हणून तुला संशय आला नाही. पण चाक हातात घ्यायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. बोट निघाली की हे उघडं पडणार, म्हणून मी बोट निघूच दिली नाही. तू ती विकायला लावशील, आपण कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर जाऊ, आणि मी खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घालत म्हातारा होईन, याची मला भीती वाटली. त्या भीतीपायी तुला घालवून बसलो, एवढी अक्कल माझी.

बोटीत एकही बिघाड नाही, बाईसाहेब. यादी मी काल फाडली. हे पत्र दया मागायला लिहीत नाही, तुला चाक धरायला बोलवायला लिहितोय. नकाशे सगळे तूच वाचायचीस, वारा तुला माझ्याआधी कळायचा, आणि तरी तीन वर्षांत एकदाही मी तुला बोट बंदरात लावू दिली नाही. चूक झाली. आता तू चालव, मी शेजारी बसतो. हात शिवशिवतील, चिडचिड होईल, तरी बसेन. नको वाटलं तर सामान घेऊन जा, मी स्वतः बांधून देईन आणि तक्रार करणार नाही. पण गुरुवारी आलीस की आधी जरा माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहा. तिथलं मला दिसत नाही. हात धर, म्हणजे तू आल्याचं मला कळेल.

तुझाच,
खुडबुड्या