खाट अडवू नका

बाबा,

तुमचे रिपोर्ट चांगले आले तेव्हा नर्स खूश झाली, तुमचा मात्र चेहरा पडला. "अजून एक दिवस राहू दे ना," तुम्ही म्हणालात. मी त्या वॉर्डाची मोठी डॉक्टर. खाली नवे पेशंट स्ट्रेचरवर ताटकळत होते. "बाबा, खाट अडवू नका," असं मी सगळ्यांदेखत सुनावलं. तुम्ही निमूट चपला पायात सरकवल्यात.

नंतर नर्स म्हणाली, "आजोबा सांगायचे, लेक एरवी फोनवरसुद्धा सापडत नाही. इथं राउंडला दोनदा येते, हात धरून नाडी बघते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हे पत्र टाकणार नाही. टाकलं, तर घरी कधी येतेय तेही लिहावं लागेल.

तुमची डॉक्टरीणबाई