न बोलता आणलेला पाव

लॉस एंजेलिस,
४ मार्च २०१३

ती. एउस्तोलिया मावशीस,
सा. न. वि. वि.

गावाहून फेऱ्या करणाऱ्या कास्तुलोने तुझं चीज आणि मिरच्या पोचवल्या. या पत्रात खुशाली शोधू नकोस, मलाच ती सापडत नाहीये.

अकरा वर्षांपूर्वी तव्यावरून नाव ठेवून 'कोमाल' ही संस्था काढली, तेव्हा आमच्याकडे तुझा मातीचा तवा होता आणि रस्त्यावर मक्याच्या पानात उकडलेले तामाले विकणाऱ्या सात बायका. त्यातल्या पाचजणींच्या गाड्या पोलिसांनी उचलून नेलेल्या. आज परवान्याचं स्वयंपाकघर आहे, ऐंशी बायका आहेत आणि भिंतीवर माझा फोटो आहे. तो मी लावलेला नाही. काढायला सांगितलेला नाही, एवढंच.

पण महिनाभर झाला, मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बोलणं थांबतं. मका ढवळणारे हातसुद्धा थांबतात. देणगीदारांच्या मेजवानीत मी दर वर्षी सांगते की या बायकांना आवाज मी मिळवून दिला. मग तो माझ्यासमोरच का बसावा?

त्यात मागच्या रविवारी फिदेन्सिया आणखी दोघींना घेऊन घरी आली. फिदेन्सिया म्हणजे आपल्या गावचीच, पहिल्या सातांतली. कपाळाला आठी घालून तामाले विकते आणि तरी सगळ्यांत जास्त विकते. प्यायचं चॉकलेट आणलं, अंड्याचे गोड पाव आणले. तासभर माझ्या गुडघ्यावर आणि पडद्यांवर बोलल्या. काम काय ते विचारलं, तर म्हणाली, काही नाही हो बाई, तुम्ही खा. भिडेपोटी तीन पाव खाल्ले. तर तिघींच्या डोळ्यांत पाणी! तेव्हापासून माझ्या शालीचा रंग विचारतात, कुठला बँड आवडतो ते विचारतात. मे महिन्यात मला पन्नास पूर्ण होतात, त्याचंच गुपित असणार. आश्चर्याचा चेहरा करायचा सराव चालू आहे. तरी एका जागी बसवत नाही.

माया पातळ करू नकोस.
तुझी झेनायदा

---

सान मेलितोन,
२१ मार्च २०१३

चि. झेनायदा हिस अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसले, मग चष्मा लावून नीट हसले.

कसली पन्नाशी घेऊन बसलीस? तू नऊ वर्षांची असताना गाव सोडलंस, तुला शिकवायचं राहिलं ही चूक आमची. आपल्या गावच्या संताची मूर्ती एका घरी एकच वर्ष राहते. मग वाजतगाजत पुढच्या घरी. पण एकदा घरात आलेला संत कोणाला सोडावासा वाटतो? मेणबत्त्यांचा उजेड आपल्याही तोंडावर पडतो ना. म्हणून तिघीजणी चॉकलेट आणि पाव घेऊन जातात. तोंडाने बोलत नाहीत, कारण बोललं की समोरच्याची अब्रू जाते. सोडायचं नसेल तर चॉकलेट प्यायचं आणि पावाला हात लावायचा नाही. खाल्ला, म्हणजे संत दिला. एक घास पुरतो, बाई. तू तीन पाव खाल्लेस. उपाशी होतीस का?

त्या रडल्या त्या तुझ्या मोठ्या मनाला. ते मन तुला ठाऊकच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मी काही तुझ्याहून शहाणी नव्हते. माझ्या वर्षी संत न्यायला आले, तर मी कडी लावून तापाचं सोंग केलं. बँड तीन तास दारात वाजला. शेवटी तुझ्या मामाने संत मागच्या दाराने काढून दिला. अजून बँडवाले भेटले की आधी ताप विचारतात.

उपाय आहे. मिरवणुकीआधी दुप्पट पाव घेऊन फिदेन्सियाच्या घरी जा. तिने खाल्ला तर गोष्ट मिटली. तुला ठाऊक असावं म्हणून सांगितलं. करावंस असं म्हटलेलं नाही.

पोटभर आशीर्वाद.
तुझी मावशी

---

लॉस एंजेलिस,
२२ एप्रिल २०१३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन आठवडे घरात येरझारा घातल्या. मला संस्थेतून काढायचं, तेही पाव चारून? अहवाल कोण लिहिणार, परवान्याच्या साहेबांशी कोण भांडणार? फिदेन्सियाला इंग्रजी येतं चार वाक्यं, तीही मी शिकवलेली.

शनिवारी सकाळी सहा पाव घेऊन तिच्याकडे गेले. पुडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. चॉकलेट घुसळलं, माझ्यासमोर बसली. मी तिचा गुडघा विचारला, पडदे विचारले. पहाटेपासून तिने काही खाल्लं नव्हतं, पोटातली गुरगुर मला ऐकू येत होती. तिने चॉकलेट संपवलं. पावाकडे पाहिलं. मग बशी माझ्याकडे सरकवली आणि इंग्रजीत म्हणाली की हे मला मान्य नाही.

मावशी, हे वाक्य मी अकरा वर्षं बायकांच्या इंग्रजीच्या वर्गात घोटून घेते. पाठ ताठ, हसायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. फिदेन्सियाला ते कधी जमलं नाही, दर वेळी शेवटी माफ करा जोडायची. शनिवारी जोडलं नाही. माझ्या मनात आधी आलं, शाब्बास. मग कळलं की हे मलाच म्हटलंय.

वकिलाला फोन करता आला असता. मी माझ्याच पुड्यातला पाव उचलला आणि खाल्ला. ती रडायला लागली. मला रडता आलं नाही, तोंड भरलेलं होतं.

बारा मेला बँड येतोय. अंगात बारीक कणकण वाटते आहे.

जीव लावलास तसा लावून ठेव.
तुझी झेनायदा

---

सान मेलितोन,
३ मे २०१३

चि. झेनायदा हिस अ. उ. आ.

कणकण नाही ती. कडी काढून ठेव. माझी काळी शाल कास्तुलोकडे दिली आहे, ती त्या दिवशी पांघर. द्यायचं ते आपल्या हाताने दे, म्हणजे कोणाला मागच्या दाराने न्यावं लागणार नाही.

तुझी मावशी

---

लॉस एंजेलिस,
१० जून २०१३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दिलं. संताच्या जागी तुझा तवा होता, त्यावर स्वयंपाकघराची किल्ली. ऐंशी बायका, फुलं, बँड बेसूर. फिदेन्सियाच्या हातात ठेवताना माझी बोटं लवकर सुटली नाहीत. तिने घाई केली नाही.

मी धीराची झाले असं समजू नकोस. सकाळी उठते, पर्स घेते, दारापर्यंत जाते आणि आठवतं. अहवाल आता तिची भाची लिहिते, माझ्याहून आखूड आणि, मेलं, चांगला. माझा फोटो मलाच आणून दिला. त्या खिळ्याला झारा टांगलाय.

गुरुवारी मात्र मला काम आहे. फिदेन्सियाने यादीत नाव घातलं, न विचारता. चुन्यात उकडलेला मका धुवायचा. पहिल्याच दिवशी तिने मूठभर चोळून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, बाई, सालं राहिली, परत धुवा. परत धुतला.

आणि एक सांगायचं राहिलं. मी आत शिरले तरी आता बोलणं थांबत नाही. माझ्याबद्दलच चाललेलं असतं, तेव्हासुद्धा.

येत्या फेरीला चीज धाड, आणि शिव्या घालायच्या सोडू नकोस.

तुझी, मका धुणारी,
झेनायदा