कुंपणाकडचा बांबू

१४ जून
आणला एकदाचा! धाकलू वैशाखऱ्याहून टेम्पोत टाकून घेऊन आला. खाली मातीसकट कंद, वर कमरेएवढी काठी. उतरवताना म्हणाला, "मावशी, घरात पोरंबाळं नाय ना तुमच्या? मग लावा बिनधास्त." म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. आमच्याकडे समजूतच आहे – बांबू तयार झाला की लावणारा जातो. म्हणून पोराबाळांचं कुणी हात लावत नाही.
मला चालतंय की! खड्डा मीच खणला. शेणखत घातलं, माती पायाने दाबली. कंबर दुखतेय, पण झोप छान लागेल.

१५ जून
सकुबाई कुंपणापलीकडून ओरडली, "जने, डोकं फिरलं काय गो तुझं? उपट तो!"
"कोंबांची भाजी खायचीय मला."
"भाजीला बांबू लावतं कोण? रानात काय कमी हायत?"
चहा ठेवला होता. न पिताच गेली! इतक्या वर्षांचा शेजार, असं कधी झालं नव्हतं.
तिला खरं सांगितलं नाही. हे गेले तेव्हा तिरडीला बांबू नव्हता. पुतण्या सुदाम तो आणायला पार वैशाखऱ्याला, धाकलूच्या बांबूच्या बेटात गेला. हे ओटीवर, अंगावर चादर, आणि लोक सारखे घड्याळात बघतायत. माझ्या वेळी कुणाला ताटकळायला लागू नये. बस्स, एवढंच.

२२ जून
वारा फार. काठी डोलतेय, खाली कंद हलला तर मूळ कसं धरणार? तीन बाजूंनी निरगुडीचे टेकू रोवले. बांधायला यांचा पंचा फाडला. फाडताना हात थांबला थोडा. मुरबाडच्या वाचनालयातल्या पुस्तकात आहे – घट्ट बांधू नये, काठीला जरा हलायला जागा ठेवावी. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पुडीच्या कागदांवर वाचायला शिकले. आता बघा, बांबू लावतेय पुस्तक बघून!

४ जुलै
पानं गळली. सगळी.

१९ जुलै
सकाळी ओटीवरून बघते तर हिरवंगार! चष्मा न लावताच ओरडले, "सकुबाई, जगला गो, जगला!" रुसवा विसरून ती धावत आली. दोघी जवळ गेलो. काठी तशीच वाळकी. टेकूंना पालवी फुटलेली! ओली निरगुडी रोवल्यावर दुसरं काय होणार?
सकुबाई म्हणाली, "टेकू जगलं आन् नवरदेव गेला!"
आणि लगेच जीभ चावली. माझ्या तोंडाकडे बघायला तयार नाही. मलाच आधी हसू फुटलं. मग दोघी चिखलात बसून पोट धरून हसलो. हे असते तर सगळ्यात मोठ्याने हसले असते.
चहा प्यायली. दोन कप! मग तिला खरं कारण सांगितलं. पदर तोंडाला लावून ऐकत बसली. जाताना एवढंच म्हणाली, "उपटू नको इतक्यात. नखानं खरवडून बघ."
खरवडलं. आत हिरवी आहे.

८ ऑगस्ट
कोंब! मातीतून वर आलाय, बैलाच्या शिंगासारखा टोकदार. अंगावर बारीक लव. दिवसभर येता-जाता बघतेय. स्वयंपाकाकडे लक्ष नाही – भाकरी करपली.

९ ऑगस्ट
कोंबाभोवती कुणीतरी करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलंय. शेळ्या फक्त सकुबाईकडे आहेत. विचारलं तर म्हणते, "मला काय म्हाईत?" हाताला ओरखडे सगळे!

१३ ऑगस्ट
धाकलूचा टेम्पो आज सकुबाईच्या दारात. ती दोन नातवंडांची आजी. मुलगा हात धरून अडवतोय, सून रडतेय, आणि ही कुणाचं ऐकत नाही! कुंपणापलीकडे, माझ्या बांबूच्या अगदी समोर, आपल्या हाताने कंद लावला. हात धुता धुता म्हणाली, "तुला एकटीला जाऊ देते काय गो मी?"
मग टेकूला निरगुडी मागितली. दिली.