पोटरीची मंदाक्रांता

२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल मिळालं. पोस्टमन चौथ्या मजल्यापर्यंत धापा टाकत आला आणि म्हणाला, आत नळाचा तुकडा आहे वाटतं. उघडलं तर खरंच तसंच काहीतरी. काळं, पोकळ, अंगभर खाचा. सोबत लाटण्याची धाकटी बहीण शोभेल अशी काठी आणि कुणीतरी चिडवल्यासारखा काटे फुलवून बसलेला चेंडू.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी इतक्या मोठ्यानं बोलतो की दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाईंना सगळं कळतं, आणि बाईंना कळलं की ते तुझ्या बाबाला कळतं. आत्ताचं संकटही तिथूनच आलं आहे. बाईंनी जिन्याच्या वळणावर माझ्यासाठी एक खुर्ची ठेवली. प्रेमानं ठेवली, आणि त्याच प्रेमानं तुझ्या बाबाला कळवलं की अण्णा हल्ली चढताना तिच्यावर बसतात, डोळे मिटतात आणि पुटपुटतात. मी कविता म्हणत होतो! पण तुझ्या बाबानं निकाल लावून टाकला. नोव्हेंबरात येतो, तुमच्या मागून जिना चढतो, मध्ये बसलात तर सामान बांधायचं. तुमच्याकडची तळमजल्यावरची खोली त्यानं रंगवूनसुद्धा घेतली म्हणे. खोली चांगलीच असणार. खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसते.

इथल्या खिडकीतून शाळा दिसते. मी तिथेच शिकलो, तुझा बाबाही तिथेच. सकाळी पाचवीची पोरं एका सुरात कविता म्हणतात आणि त्यांच्यातला एक जण नेहमी तिसरं कडवं गाळतो. मी इथून ते भरून काढतो. मी तळमजल्यावर गेल्यावर ते कोण भरणार?

तेव्हा ही हत्यारं वापरून पाय तयार करतो. कळावे. लोभ आहेच, तो पोटऱ्यांत उतरावा.

तुझा,
आजोबा


१४ ऑगस्ट

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

नळाचा तुकडा म्हणे! आमच्या अख्ख्या रिले संघाच्या पोटऱ्या त्या तुकड्यानं वाचवल्यात. जरा मान द्या त्याला.

आता नीट वाचा. काठी खुर्चीत बसून फिरवायची, घोट्याकडून वर, हळू. हाडावर नाही, गुडघ्याच्या मागे नाही. दुखरी जागा सापडली की तिथं थांबून श्वास सोडायचा. चेंडू पावलाखाली. काळा रोलर पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरून. आम्ही तो जमिनीवर बसून वापरतो, पण तुम्ही एकटे असताना तसले प्रयोग करू नका. उठवायला कोण येणार, टायपिस्ट बाई? आणि मग तेही बाबांना कळणार.

बाबांना मी काही बोललेले नाही. खोलीच्या रंगाचं नाव सांगू? ‘शांत राखाडी’. डब्यावरच लिहिलंय.

शनिवारी शर्यत आहे. नमस्कार पोचला असेल तर आशीर्वाद उलट टपाली पाठवा.

तुमची,
भिंगरी


५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शर्यतीत दुसरी आलीस हे वाचून ऊर भरून आला. पहिली आलेली मुलगी तुझ्याहून उंच असणार, हे मी न बघता सांगतो.

तुझ्या सूचना अक्षरशः पाळतो आहे. काठी सकाळ-संध्याकाळ. चेंडू पावलाखाली घेऊन वर्तमानपत्र वाचतो. अग्रलेख जितका रटाळ तितकं पाऊल मोकळं. आनंदाची बातमी अशी की आजवर एकदाही काही दुखलेलं नाही. दुखरी जागा सापडली की थांबायचं, असं तू लिहिलं होतंस. मी दोन्ही पाय पालथे घातले, एक जागा सापडेल तर शपथ!

फक्त खुर्चीचं कोडं सुटत नाही. परवा बऱ्याच दिवसांनी खाली उतरलो आणि परतताना दुसऱ्या मजल्यावर पाय आपोआप वळले. बाई आतून म्हणाल्या, बसा निवांत. मी निवांत बसलो. एरवी जिना मी टाळतोच. इतकी निगा राखलेले पाय उगाच झिजवायचे कशाला? भाजीवाला पिशवी दोरीला बांधतो, मी वर ओढून घेतो. मला वाटतं काठीच जरा मऊ आहे. तुमच्या संघाकडे याहून टणक असली तर पाठव.

लोभ वाढवावा, निदान काठीइतका टणक करावा.

तुझा,
आजोबा


१३ सप्टेंबर

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आमच्या संघाच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. मैत्रिणी गादीवर इतक्या लोळल्या की त्या दिवशी कुणाला रोलर लागलाच नाही.

अहो आजोबा, काठी व्यायामानंतर फिरवायची असते, व्यायामाच्या ऐवजी नाही! तुम्ही पेपर न लिहिताच पुरवणी मागताय. दुखत नाही कारण तुम्ही काही केलेलंच नाही.

उद्यापासून दोरी बंद. आधी डॉक्टरांना छाती दाखवा. मग कठडा धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरायचं आणि परत चढायचं. ते जमलं की दुसऱ्यापर्यंत. चक्कर आली, छातीत दुखलं, तर तिथेच थांबायचं, हट्ट नको. दुसऱ्या दिवशी पोटरी दुखेल. ते दुखणं कमवा आणि मग काठी हातात घ्या. आणखी एक. तुम्ही काठी नक्की कुठल्यातरी कवितेच्या ठेक्यावर फिरवत असणार, आणि तीही पळत्या. मला लहानपणी झोपवताना भुजंगप्रयात म्हणायचात, मी उलट जागी व्हायचे. हळू वृत्त शोधा.

रागावले आहे, तरी लोभ तसाच.

तुमची,
भिंगरी


१० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दुखलं! अगं, दुखलं! सकाळी उठलो आणि पोटरी अशी ओरडली की मीच दचकलो. इतका आनंद निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, हृदय वयाच्या मानानं ठीक, हट्ट वयाच्या मानानं जास्त.

ठेक्याचं तू बरोबर ओळखलंस. भुजंगप्रयात सुटलं की काठी थेट गुडघ्यावर जाऊन आदळते. मग आमचे मराठीचे मास्तर आठवले. फळ्यावर लघू-गुरूच्या खुणा करून ते डस्टरनं टेबलावर ठेका धरायचे. मंदाक्रांता आली की डस्टरसुद्धा हळू व्हायचं, आणि खडूची धूळ खिडकीतल्या उन्हात कितीतरी वेळ खाली बसायची नाही. ते वृत्त आता जिन्याला लावलं आहे. सुरुवातीच्या एकेका गुरू अक्षराला एक पायरी. मग लघू अक्षरं येतात तेव्हा कठडा धरून नुसता श्वास. मग पुन्हा चालू लागायचं. घरी आल्यावर काठीलाही तोच नियम. गुरूंमध्ये सरकायचं, लघूंमध्ये दुखऱ्या जागी मुक्काम.

छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या कवितांची मुद्रितं तपासली, आता पहिल्यांदाच स्वतःची एक ओळ झाली:

मोठी झाली तरिहि लटकी पोटरी ही रुसावी

पुढची काही सुचत नाही. पण हीच पुन्हा पुन्हा म्हणत परवा खुर्चीवरून पुढे गेलो! बाई दुखावल्या. म्हणाल्या, खुर्ची काढून टाकू का? मी म्हटलं, राहू द्या, मोह समोर असला की वृत्त सुटत नाही.

आता तुझा बाबा येईपर्यंत लोभ आणि कठडा दोन्ही घट्ट असावेत.

तुझा,
आजोबा


१८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

परीक्षा झाली. तुझा बाबा दोन बॅगा घेऊन उतरला. एक स्वतःची आणि एक रिकामी, माझ्या सामानासाठी. पूर्वतयारीत तो लहानपणापासून पक्का. मी एक बॅग मागितली तर म्हणाला, अण्णा, तुम्ही फक्त चढा, मी मागे आहे.

मी मनात ओळ सुरू केली. पहिला मजला गेला. मागून श्वास ऐकू येत होता. त्याला कुठलंच वृत्त नव्हतं, सरळ गद्य होतं. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची आली. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुढे गेलो. वळण ओलांडतो तोच मागे खुर्ची करकरली. वळून बघतो तर तुझा बाबा तिच्यावर बसलेला, रिकामी बॅग मांडीवर. बाई पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बसा निवांत. मला खूप बोलायचं होतं. पण आधी तोच म्हणाला, बूट नवे आहेत.

दुसऱ्या दिवशी परत जायचं तिकीट होतं, पण पोटऱ्या लाकूड झालेल्या. पलंगावरून उतरताना त्यानं जो आवाज काढला तो बाईंनीही ऐकला असणार. त्याला खुर्चीत बसवलं आणि पाय माझ्या मांडीवर घेतला. पन्नाशीच्या मुलाची पोटरी! याआधी कधी घेतली होती ते आठवेना, बहुतेक काटा काढताना. काठी हळू फिरवत ती ओळ म्हणत होतो. आधी त्यानं तोंड वाकडं केलं, मग तोही म्हणू लागला.

तेवढ्यात शाळा भरली. पोरांची कविता सुरू झाली आणि त्या पठ्ठ्यानं तिसरं कडवं नेहमीसारखं गाळलं. मी तोंड उघडणार तोच तुझ्या बाबानं ते म्हटलं. डोळे मिटून, एकही शब्द न चुकता.

पायांचं निमित्त करून तो आठवडाभर राहिला. सामानाचा विषय निघाला नाही. जाताना रिकामी बॅग मात्र रिकामी गेली नाही. रोलर, काठी, चेंडू, सगळं तिच्यात भरलं आणि म्हणाला, अण्णा, तुम्हाला आता याची काय गरज?

घर जिंकलं, भिंगरी. जरा शांतच वाटतंय. राखाडी म्हणावं इतकं.

लोभ असावा, आणि जमल्यास दुसरी काठी.

तुझा,
आजोबा


२ डिसेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. खाली रंगवलेल्या खोलीत तूर्त मीच गादी टाकली आहे, रोलरला मोकळी जागा लागते. ऑफिसात लिफ्ट सोडली. लोकांना वाटतं लिफ्ट बिघडली आहे, मी तसंच वाटू देतो.

काठी रोज फिरवतो. पण तीच एक ओळ किती वेळा म्हणायची? दुसरी असेलच. ती टपालानं पाठवावी. फोनवर नको, घरात हसतात.

प्रकृतीस जपावे. लोभ आहे, तो आजवर कळवायचा राहिला एवढंच.

आपला,
मुलगा


९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या बाबाचं पत्र सोबत जोडलं आहे. वाचून परत पाठव, जपून ठेवायचं आहे. मी त्याला लिहिलं की दुसरी ओळ तयार आहे, पण ती टपालानं पाठवता येत नाही, लघू-गुरू वाटेत सांडतात. इथे येऊन घ्यावी. चौथ्या मजल्यावर, खुर्चीला न शिवता.

खरं काय ते फक्त तुला सांगतो. दुसरी ओळ झालेलीच नाही. सकाळी खिडकीत बसलो की ती अगदी जवळ येते आणि मीच तिला माघारी धाडतो. घाई काय आहे? तो आला की त्याच्यादेखत करीन.

तू मात्र गप्प राहा. एका श्लोकाला चार ओळी लागतात, म्हणजे अजून तीन खेपा, हे त्याला ठाऊक आहे, शाळा तीच होती.

लोभ चढता असावा, आणि सावकाश.

तुझा,
आजोबा